आवाज रस्त्याचा, इलाज पत्र्याचा

लहान गाडी आतून शांत करायची म्हटलं की पहिलं नाव येतं डॅम्पिंग शीटचं. काळ्या, चिकट रबराचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचं पातळ आवरण. सीट काढायच्या, दारांची पॅनल उतरवायची, गालिचा उचलायचा आणि उघडा पत्रा दिसेल तिथे रोलर फिरवत ही शीट दाबून बसवायची. काम झाल्यावर दार लावलं की भारदस्त ‘ढप्प’ ऐकू येतं आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पुढे गाडी खरबरीत रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला जाते आणि खालून येणारी ती घुमणारी घरघर पुन्हा सुरू होते. थोडी कमी झालेली असते, पण गेलेली नसते. यात शीटचा दोष फार नाही. ती ज्या आवाजासाठी तयार झाली तो वेगळा, आणि रस्त्याचा आवाज गाडीत शिरला ती वाटही वेगळी.

सुरुवातीच्या मोटारींत टायरच्या आवाजाबद्दल कुरकुर करण्याची वेळच येत नसे. गाडी उघडी, वेग बेताचा आणि इंजिन, गिअर, साखळ्या यांचा गोंगाट सगळ्यावर मात करणारा. त्यामुळे शांतता म्हणजे इंजिनाची शांतता. अमेरिकेतल्या चार्ल्स नाइट यांनी नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी वरखाली सरकणाऱ्या नळ्या असलेलं इंजिन बनवलं, आणि ते ‘सायलेंट नाइट’ म्हणूनच ओळखलं गेलं. रोल्स-रॉइसच्या ४०/५० अश्वशक्तीच्या गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव पडलं तेही तिच्या चाहूल न लागणाऱ्या चालीमुळे.

आवाजाचा आजचा प्रश्न सुरू झाला तो गाडीला बंद खोलीचं रूप आल्यावर. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या उघड्या होत्या. १९२० चं दशक संपेपर्यंत बहुतेक बंद झाल्या. त्याच सुमारास लाकडी सांगाडाही मागे पडत गेला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्याने पहिल्या महायुद्धाच्या आसपासच डॉज बंधूंना संपूर्ण पोलादी बॉडी पुरवायला सुरुवात केली होती. लाकूड कंप स्वतःत जिरवतं, पोलादी पत्रा मात्र जिरवत नाही. त्याला धक्का बसला की तो बराच वेळ वाजत राहतो. छप्पर बरीच वर्षं मधोमध कापडीच असे, कारण एवढा मोठा अखंड पत्रा मिळणं आणि दाबून घडवणं सोपं नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी ‘टरेट टॉप’ दिला. गळती थांबली, मजबुती आली आणि डोक्यावर एक ढोल आला.

यावरचा इलाज साधाच होता: डांबरात भिजवलेलं फेल्ट, ताग, जुन्या कापडाच्या पिंजलेल्या चिंध्यांचे थर. पुढे डांबराच्या जाड पट्ट्या आल्या. त्या फ्लोअरवर नुसत्या ठेवायच्या; रंग वाळवण्याच्या भट्टीत बॉडी तापली की पट्टी वितळून पत्र्याच्या खाचाखोचांत बसते. अनेक गाड्यांचे गालिचे उचलले की आजही त्या खाली दिसतात. त्यांचं काम पत्र्याची खणखण मारणं. रस्ता त्यांच्या हिशेबात नव्हता.

या कामाला शास्त्र मिळालं ते नंतर. १९५२ मध्ये जर्मनीच्या हेरमान ओबर्स्ट यांनी पातळ पत्र्याला घट्ट चिकटवलेला थर त्याचं कंपन कसं जिरवतो याचं गणित मांडलं. पत्रा वाकतो तेव्हा वरचा थर ताणला जातो आणि त्या ताणण्यात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन संपते. डॅम्पिंगचा माल तपासायची ‘ओबर्स्ट पट्टी’ची चाचणी आजही वापरात आहे. पण असा थर जाड असावा लागतो, म्हणजे वजन आलं. १९५९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कर्विन यांनी दुसऱ्या रचनेचा सिद्धांत मांडला: चिकट थराच्या वर आणखी एक पातळ, ताठ धातूचा थर द्यायचा. मग पत्रा वाकताना मधला थर दोन धातूंमध्ये घासटला जातो आणि कमी जाडीत बरंच जास्त कंपन जिरतं. आजची चकचकीत शीट म्हणजे हीच रचना. वरचं ॲल्युमिनियम शोभेसाठी नाही, अर्धं काम त्याचंच असतं. ते चॉकलेटच्या कागदासारखं पातळ असेल तर आतला रबर कितीही चांगला असो, शीट अर्धवटच. तो रबर बहुधा ब्युटाइल असतो. १९३७ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा रबर हवा धरून ठेवतो म्हणून ट्यूबसाठी गाजला. कंप खाण्याचा त्याचा गुण दारांच्या कामी आला.

आता रस्त्याचा आवाज आत शिरतो ती दुसरी वाट. जुन्या गाडीत खाली जाड चासी असे आणि तिच्यावर बॉडी वेगळी बसवलेली असे, मध्ये रबराचे तुकडे घालून. चाकाचा हादरा चासीत जाई, तिथून रबरातून गाळून बॉडीत. इंजिनाचा हादरा असाच तोडायचं काम १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या रबरी माउंटिंगने केलं. सित्रोएनने ते परवान्यावर घेतलं. पण त्याच सित्रोएनच्या १९३४ च्या ‘त्राक्सियों आवाँ’मध्ये चासीच नव्हती. बॉडी हाच सांगाडा होता. लान्चियाने १९२२ च्या ‘लाम्ब्दा’त हे आधी करून दाखवलं होतं. वजन घटतं, गाडी बुटकी होते, आत जागा मिळते. लहान, स्वस्त गाडीला याहून काय हवं? किंमत एवढीच की सस्पेन्शन थेट त्याच डब्याला जोडलं जातं ज्यात माणसं बसतात. रस्त्याच्या आवाजाची खरी जन्मकथा ही आहे, आणि तिच्यात पत्र्याच्या जाडीपेक्षा बोल्ट कुठे बसतो याला जास्त महत्त्व आहे.

१९५९ ची मिनी हे याचं टोकाचं उदाहरण. अॅलेक इसिगोनिस यांनी जेमतेम ३.०५ मीटर लांबीत चार माणसं बसवली. त्यासाठी चाकं १० इंची केली, इंजिन आडवं टाकलं आणि त्याच्याच पोटात गिअरबॉक्स ठेवला. पुढे-मागे सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या वेगळ्या चौकटी होत्या, पण त्या बॉडीला घट्ट आवळलेल्या. गाडी वळणावर जितकी चपळ, आत बसायला तितकीच कलकलाटाची. सबफ्रेम आणि बॉडीमध्ये रबर यायला १९७६ उजाडलं. चपळपणा आणि शांतता यांचं हे भांडण सस्पेन्शनच्या प्रत्येक बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्यात असतं: बुश नरम केला की आवाज गाळला जातो, पण स्टिअरिंग सैल वाटतं.

टायरनेही कोडं बदललं. मिशेलिनने १९४९ मध्ये आणलेला रेडियल टायर टिकाऊ होता, पकड चांगली होती. पण त्याचा पट्टा ताठ, त्यामुळे कमी वेगात छोट्या खड्ड्यांचे ठोके जास्त कडक लागत. सस्पेन्शनला थोडं मागेपुढे सरकू द्यावं लागलं. टायरच्या पोटातली हवासुद्धा वाजते, हे पुढे स्पष्ट झालं. लहान गाडीच्या टायरच्या आतल्या पोकळीचा घेर साधारण दीड मीटर. ध्वनीला ती फेरी पूर्ण करायला जो वेळ लागतो त्यावरून या आवाजाची पट्टी २०० ते २५० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास येते. सिमेंटच्या सांध्यावरून जाताना ऐकू येणारा तो ‘टंग’ बऱ्याचदा हाच असतो. १९९० मध्ये जपानी अभियंत्यांनी केबिनमधल्या आवाजाशी त्याचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्यावर उपाय म्हणून आतून फोम चिकटवलेले टायर आले, पण ते मुख्यतः महागड्या गाड्यांसाठी.

केबिनचीही स्वतःची पट्टी असते. आतली लांबी २ मीटरच्या आसपास असेल तर हवा पुढून मागे ८०-९० हर्ट्झला घुमते. दाब दोन्ही टोकांना जास्त आणि मध्यभागी कमी, म्हणून मागच्या सीटवर घुमणं जास्त जाणवतं. हॅचबॅकने यात भर घातली. रेनॉ ४ (१९६१), रेनॉ ५ (१९७२), फोक्सवॅगन गोल्फ (१९७४) या मार्गाने हा आकार लहान गाडीचा नेहमीचा आकार झाला. सेडानमध्ये मागची चाकं डिकीच्या भिंतीपलीकडे असतात. हॅचबॅकमध्ये मागचे व्हील आर्च, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी माणसांच्याच खोलीत उघडतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर वजन कमी करण्याची घाई झाली, आणि हवेतून येणाऱ्या आवाजाला अडवायचं तर भिंत जड लागते: वजन दुप्पट केलं तर सुमारे ६ डेसिबलचा फरक. लहान गाडीला ते परवडत नाही.

कायदा या बाजूला फिरकलाच नाही. युरोपात १९७० च्या निर्देशाने मोटारींच्या आवाजावर ८२ डेसिबलची मर्यादा घातली आणि ती पुढे टप्प्याटप्प्याने खाली आली; पण ही मोजणी रस्त्याकडेला उभ्या माणसासाठी. २०१२ पासून युरोपात टायरवर लागणाऱ्या लेबलवरचा डेसिबलचा आकडाही बाहेरचाच. तो पाहून आतल्या शांततेचा अंदाज बांधणारे बरेच जण फसतात.

मग शीट लोकांच्या हातात आली कशी? गाण्यांमुळे. १९८० च्या दशकात गाडीत मोठे स्पीकर बसवण्याचं वेड वाढलं आणि दाराचा पत्रा बासबरोबर थरथरू लागला. डायनामॅट हे या बाजाराचं सगळ्यांत ओळखीचं नाव त्याच सुमाराचं. स्पीकरच्या मागचा पत्रा गप्प करायला ही शीट अगदी योग्य होती, आहे. ‘रस्त्याचा आवाज कमी करा’ हे तिच्या पाकिटावरचं वाक्य नंतरचं, आणि जरा उदारपणे छापलेलं. पूर्ण खोटं नाही: मागचे व्हील आर्च, डिकीचा फ्लोअर हे सपाट, मोठे, वाजणारे भाग गप्प केल्यास फरक पडतो. पण पत्रा इंच-इंच झाकण्यात अर्थ नाही. प्रत्येक पॅनलचा मधला पाव ते अर्धा भाग झाकला की डॅम्पिंगचा मोठा लाभ मिळून जातो, उरलेलं फक्त वजन. शंभर हर्ट्झच्या आसपासच्या घुमण्यावर तिचा जोर तोकडा पडतो, आणि बोटभर फोमचा तर नाहीच, कारण तिथे ध्वनीची लांबी तीन-चार मीटर असते. त्यापेक्षा झिजून करवतीसारखे दाते पडलेले टायर बदलणं, दारांची सपाट झालेली रबरं नवी घालणं, प्लॅस्टिकच्या मडगार्ड लायनरऐवजी कापडी पोताचे लायनर बसवणं हे उपाय आवाजाच्या वाटेच्या जास्त जवळचे.

त्या खालच्या घुमण्यावरचा इलाज कागदावर फार जुना आहे. जर्मनीच्या पाउल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं: आवाजावर उलट आवाज सोडून तो पुसायचा. तेव्हाच्या यंत्रांना ते जमणारं नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निसानने ब्लूबर्डमध्ये इंजिनाच्या घुमण्यावर ते वापरलं, २००० मध्ये होंडाने अकॉर्ड वॅगनमध्ये रस्त्याच्या आवाजावर. रस्ता अवघड, कारण त्याचा आवाज इंजिनासारखा ठराविक लयीत येत नाही. सस्पेन्शनवरच्या सेन्सरकडून हादऱ्याची बातमी येऊन उलट आवाज तयार होईपर्यंत मूळ आवाज कानापर्यंत पोचता कामा नये. ह्युंदाईने २०१९ मध्ये जाहीर केलेली प्रणाली हाच हिशेब मिलिसेकंदांत करते. बॅटरीवरच्या गाड्यांनी तिची गरज वाढवली आहे, कारण टायरचा आवाज झाकणारं इंजिनच तिथे उरलेलं नाही. ही सोय आली ती मोठ्या आणि महाग गाड्यांत आधी. लहान गाड्यांच्या वाट्याला अजून मुख्यतः बुशचं रबर, टायरची निवड आणि गालिच्याखालचं चिंध्यांचं फेल्ट एवढंच येतं.