लिनक्समध्ये इतक्या फाइलसिस्टिम कशासाठी?

२०२५ च्या नोव्हेंबरात लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, ६.१८ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात बीकॅशएफएस ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत, नव्हती. ती कर्नलमध्ये शिरली होती जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे पुरती दोन वर्षंही राहिली नाही. त्याच २०२५ च्या जानेवारीत ६.१३ मधून रायझरएफएस काढली गेली होती. ती मात्र २४ वर्षं मुक्काम ठोकून होती. विंडोज वापरणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटतो. त्याला एनटीएफएस पुरते, मॅकवाल्याला एपीएफएस पुरते, मग लिनक्सनेच दारात एवढी गर्दी का जमवावी, आणि आत घेतलेल्याला पुन्हा बाहेर का काढावं? हे समजून घ्यायला पार सुरुवातीला जावं लागतं.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता आणि त्याच्या मशीनवर मिनिक्स चालत होतं. मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. नव्या कर्नलसाठी लिनसने तिचीच फाइलसिस्टिम उचलली, कारण डिस्क आधीच त्या पद्धतीने मांडलेली होती. शिकवण्यापुरती ती उत्तम, पण पार्टिशन ६४ एमबीच्या पुढे जात नसे आणि फाइलच्या नावाला १४ बाइट मिळत. आजच्या युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. त्या हिशेबाने १४ बाइटांत 'पुणे' मावलं असतं, 'मुंबई' मावलं नसतं.

इथे एक निर्णय झाला आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. नवी फाइलसिस्टिम थेट कर्नलला जोडण्याऐवजी मध्ये एक थर घातला गेला: व्हर्च्युअल फाइलसिस्टिम, म्हणजे व्हीएफएस. ख्रिस प्रोव्हेन्झानो यांनी तो आधी लिहिला, लिनसने पुन्हा लिहून कर्नलमध्ये घेतला. प्रोग्रॅमने म्हणायचं 'ही फाइल उघड', 'एवढं वाच', 'हे नाव बदल'. व्हीएफएस ती मागणी ज्या पार्टिशनवर जी फाइलसिस्टिम असेल तिच्याकडे पोचवते. डिस्कवर माल कसा रचलाय याच्याशी प्रोग्रॅमला देणंघेणं नाही. त्यामुळे नवी फाइलसिस्टिम आणायला जुनी काढावी लागली नाही.

या थरावर पहिली बसली एक्स्ट, एप्रिल १९९२ मध्ये, रेमी कार यांची. मर्यादा २ जीबीवर गेली, नावं २५५ बाइटांची झाली. पण रिकाम्या जागेची नोंद ती साखळीत ठेवायची. डिस्क वापरात आली की साखळी विस्कटायची आणि एकेक फाइल तुकड्या-तुकड्यांनी डिस्कभर पसरायची. वर्षभरातच, जानेवारी १९९३ मध्ये, दोन उमेदवार एकदम पुढे आले. शिया ही मिनिक्सच्याच अंगाने वाढवलेली, सुरुवातीला जास्त स्थिर. एक्स्ट२ मागे रेमी कार, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी, आणि रचना बर्कली युनिक्सच्या फाइलसिस्टिमवरून घेतलेली: डिस्कचे गट पाडायचे, फाइल आणि तिची नोंद शक्यतो एकाच गटात ठेवायची. एक्स्ट२ च्या मांडणीत पुढे भर घालायला जागा राखून ठेवली होती. शिया मागे पडली आणि नव्वदच्या दशकातच कर्नलमधून गेली. ही राखीव जागा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, तिचं फळ आजही आपण खातोय.

एक्स्ट२ चा वेग छान होता. दुखणं होतं वीज गेल्यावरचं. साधी फाइल तयार करायची तरी डिस्कवर चार ठिकाणी लिहावं लागतं: फोल्डरमध्ये नाव, फाइलच्या नोंदीत (आयनोडमध्ये) माहिती, रिकाम्या ब्लॉकच्या (डिस्कच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या) नकाशात खूण, एकूण मोजदाद. यातलं दोन ठिकाणचं लिहून झालं आणि दिवे गेले, की नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. मग मशीन सुरू होताना एफएससीके हा तपासणीचा प्रोग्रॅम पूर्ण डिस्क तपासत बसायचा. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये भारनियमनाच्या दिवसांत हे रोजचं होतं. वीज आली की वीसेक मॉनिटरवर एकच ओळ, डिस्क नीट बंद झालेली नव्हती, सक्तीची तपासणी चालू आहे, आणि टक्क्यांची रेघ सावकाश सरकते. एखादं मशीन मध्येच थांबून रूटचा, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड मागायचं. मग 'वाय' दाबत राहायचं आणि शेवटी लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरात जाऊन नाव हरवलेल्या, नुसत्या आकड्यांच्या फाइली उघडून ओळखायच्या. माझ्या प्रोजेक्टचा अर्धा कोड मी त्या आकड्यांमधूनच परत मिळवला. तेव्हापासून फाइलसिस्टिमचं नाव निघालं की मी वेग नंतर विचारतो, आधी विचारतो की पडल्यावर ही उठते कशी.

यावरचा उपाय दुकानदाराला सांगावा लागत नाही. आधी कीर्द लिहायची, मग खतावणीत उतरवायचं. खतावणी करताना दिवे गेले तर सकाळी कीर्द काढून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायच्या, आणि कीर्दीतच एखादी नोंद अर्धी असेल तर ती झालीच नाही असं धरायचं. यालाच जर्नल म्हणतात. सगळी डिस्क तपासण्याऐवजी कीर्दीची शेवटची पानं पाहिली की काम भागतं, तास-अर्ध्या तासाचं काही सेकंदांवर येतं.

जर्नल असलेल्या चार फाइलसिस्टिम लिनक्सच्या दारात जवळपास एकाच वेळी उभ्या राहिल्या. २००१ च्या जानेवारीत २.४.१ मध्ये रायझरएफएस पहिली आत आली. लहान लहान फाइली एका ब्लॉकमध्ये दाटीने बसवण्यात तिचा हात कोणी धरत नव्हतं, लिनक्सचा तयार संच, म्हणजे वितरण, देणाऱ्या सुझेने तिला आपलंसं केलं. त्याच नोव्हेंबरात २.४.१५ मध्ये एक्स्ट३ आली. आयबीएमने आपली जेएफएस दिली. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९४ पासून आपल्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असलेली एक्सएफएस खुली केली आणि २००२ मध्ये ती २.५ मालिकेत घेतली गेली.

कागदावर एक्स्ट३ या चौघींत सर्वांत साधी होती. तरी बहुतेकांच्या घरी तीच गेली, आणि कारण मोजमापाच्या तक्त्यांत सापडत नाही. ट्वीडी यांनी एक्स्ट२ च्या मांडणीला हात न लावता तिला नुसती कीर्द जोडली होती. चालू एक्स्ट२ पार्टिशनवर एक आज्ञा दिली की ती एक्स्ट३ व्हायची. फॉरमॅट नको, बॅकअप घेऊन डेटा पुन्हा भरणं नको, आणि पटलं नाही तर परत एक्स्ट२ म्हणून जोडता येई. दुसरीकडे रायझरएफएस अगदी विचारपूर्वक बांधलेली असूनही तिचे कर्ते हान्स रायझर आणि त्यांची कंपनी पुढच्या रायझर४ कडे वळले. जुनीची निगा इतरांवर पडली. २००६ मध्ये सुझेनेही नव्या मशीनसाठी एक्स्ट३ निवडली. पुढे पत्नीच्या खुनाबद्दल २००८ मध्ये रायझर यांना शिक्षा झाली. लोक या घटनेलाच रायझरएफएसचा शेवट समजतात, पण घसरण आधीच सुरू झाली होती.

एक्स्ट४ डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ बरोबर स्थिर ठरली. ब्लॉकची एकेक नोंद ठेवण्याऐवजी 'इथून सलग एवढे ब्लॉक' अशी नोंद आली आणि मोठ्या फाइली हलक्या झाल्या. फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवणारी फॉलोकेट ही सोय २.६.२३ मध्ये आली, ती लिहिली आयबीएमच्या अमित अरोरा यांनी.

मात्र २००९ च्या सुरुवातीला एक्स्ट४ वापरून पाहणाऱ्यांनी बोंब ठोकली: मशीन अडकून बंद पडलं की सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन निघतात. घडत होतं ते असं. प्रोग्रॅम नव्या सेटिंग तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचे आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवायचे. एक्स्ट३ मध्ये साधारण दर पाच सेकंदांनी कीर्द पुरी व्हायची आणि तिच्याआधी फाइलमधला मजकूर डिस्कवर उतरलेला असायचा. एक्स्ट४ डिस्कवर जागा ठरवायचं काम लांबवत असे. त्यामुळे नाव बदलल्याची नोंद आधी व्हायची, मजकूर मागाहून यायचा, आणि मधल्या वेळात मशीन पडलं तर नव्या नावाखाली काहीच नसायचं. त्सो यांचं म्हणणं नियमाला धरून होतं: मजकूर डिस्कवर उतरलाच पाहिजे असेल तर प्रोग्रॅमने एफसिंक करून तसं सांगायला हवं. पण हजारो प्रोग्रॅम एक्स्ट३ च्या सवयीवर वाढलेले होते. अखेर त्यांनीच हा प्रकार ओळखून मजकूर आधी उतरवणारी दुरुस्ती लिहिली, ती २.६.३० मध्ये आली. लेखी नियमाइतकाच लोकांच्या सवयीचाही मान राखला गेला, आणि मला ते योग्यच वाटतं.

कीर्दीच्या पुढची पायरी सन या कंपनीने २००५ मध्ये झेडएफएस या फाइलसिस्टिममधून खुली केली. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहायचं नाही. बदल कोऱ्या पानावर करायचा आणि मग अनुक्रमणिका नव्या पानाकडे वळवायची. शिवाय प्रत्येक ब्लॉकला पडताळणीची बेरीज, म्हणजे डिस्कने चुकीचा डेटा गुपचूप परत केला तरी तो पकडता येतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमने ती २००८ मध्ये ७.० मध्ये घेतली. लिनक्सला घेता आली नाही, कारण तिचा परवाना कर्नलच्या जीपीएलशी जुळत नाही. उबुंटू या वितरणाने २०१६ पासून तिचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला वेगळा जोडता येणारा भाग, सोबत दिलं, तरी २०२० मध्ये लिनसने साफ सांगितलं की सन विकत घेतलेल्या ओरॅकलचं अधिकृत पत्र हातात येईपर्यंत ती कर्नलमध्ये घेणार नाही.

सन विकत घेण्याच्या आधीच, २००७ मध्ये, त्याच ओरॅकलमध्ये ख्रिस मेसन यांनी बीटीआरएफएस सुरू केली होती. तत्त्व तेच, परवाना लिनक्सचा. २००९ मध्ये २.६.२९ मध्ये ती आली. पुढे मात्र वितरणांची वाट फुटली. सुझेने २०१४ मध्ये मुख्य पार्टिशनसाठी तीच घेतली. रेड हॅटने त्याच वर्षी एक्सएफएस निवडली आणि आवृत्ती ८ मधून बीटीआरएफएस वगळली. आणि रेड हॅटच्याच पाठबळावरच्या फेडोराने २०२० मध्ये, आवृत्ती ३३ मध्ये, डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस घेतली. एक्सएफएस जाणणारे लोक रेड हॅटच्या पगारावर होते, बीटीआरएफएस जाणणारे सुझेच्या. ग्राहकाचा रात्री दोनला फोन आला तर दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे आहे का, याच प्रश्नावर कंपन्या ठरवतात, आणि त्यात काही गैर नाही.

दुसऱ्यांच्या डिस्क वाचण्याचीही वेगळी कथा आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सफॅट या फाइलसिस्टिमचा आराखडा २०१९ मध्ये खुला केला आणि पुढच्या वर्षी सॅमसंगचा चांगला ड्रायव्हर ५.७ मध्ये आला. पॅरागॉन या कंपनीने दिलेला एनटीएफएसचा ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ बरोबर आला. मराठीत काम करणाऱ्याला इथे एक खड्डा लागतो. एनटीएफएसवर नावाला २५५ चिन्हं चालतात, एक्स्ट४ वर २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची फार तर ८५ चिन्हं. शासन निर्णयाची पीडीएफ विषयासकट पूर्ण नावाने विंडोजवर साठवलेली असली की लिनक्सवर उतरवताना 'नाव फार लांब आहे' म्हणून अडते. डिस्क किंवा पेनड्राइव्ह बिघडलेली नसते. नाव आखूड करा, फाइल येते.

आता पुन्हा बीकॅशएफएस. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी ती अनेक वर्षं जवळजवळ एकहाती बांधली आणि रचना कौतुकास्पद आहे. वाद झाला तो कामाच्या रीतीवरून. कर्नलमध्ये नवं काही घ्यायचे दोन आठवडे ठरलेले असतात, त्यानंतर फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. ओव्हरस्ट्रीट यांचं म्हणणं, लोकांचा डेटा वाचवणारा बदल मुदतीसाठी थांबवता येत नाही. लिनसचं म्हणणं, सगळ्यांना तोच नियम. ६.१७ मध्ये तिच्यापुढे 'बाहेरून सांभाळली जाते' असा शेरा लागला आणि ६.१८ मध्ये कोड निघाला. ती आता वेगळं मॉड्यूल म्हणून मिळते, त्यामुळे वापरणाऱ्याला दर नव्या कर्नलबरोबर ते पुन्हा बांधून घ्यावं लागतं.

रायझरएफएसवाल्यांना ती सोय नाही. तिच्या तारखांची मोजणी २०३८ च्या पुढे जात नव्हती आणि ते नीट करायला कोणी पुढे आलं नाही. २०२२ मध्येच ती निघणार असल्याची सूचना कर्नलमध्ये घातली गेली होती. ६.१२ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत मात्र ती अजून आहे. कपाटात जुन्या सुझेची डिस्क असेल तर ६.१२ किंवा त्याआधीचा कर्नल असलेल्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, ती डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा आणि फाइली एक्स्ट४ वर उतरवून घ्या.