फुटबॉल प्रशिक्षकावरील माहितीपट

फुटबॉल प्रशिक्षकावरील माहितीपट : नामवंत फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द, स्वभाव आणि त्याने मागे ठेवलेला वारसा जुने चित्रण, मुलाखती व खासगी कागदपत्रे यांच्या आधारे मांडणारा चित्रपटप्रकार. खेळाडूंवरील माहितीपटांशी त्याचे जवळचे नाते असले, तरी त्याची अडचण निराळी आहे. खेळाडूचे कर्तृत्व कॅमेऱ्यासमोर घडते. गोल दाखवला की अर्धे काम झाले. प्रशिक्षकाचे काम सरावाच्या मैदानावर, बंद दाराआड आणि खेळाडूंच्या डोक्यात चालते. सामन्याच्या चित्रणात तो दिसतो तो रेषेबाहेर उभा राहून हातवारे करणारा, च्युइंग गम चघळणारा, नाहीतर कपाळाला हात लावून बसलेला कोटातला माणूस. या माणसाने नेमके केले काय, हे पडद्यावर कसे दाखवायचे? या प्रकारातले बहुतेक चित्रपट याच प्रश्नाशी झुंजताना दिसतात.

ब्रिटनमध्ये या पदाला ‘कोच’ऐवजी ‘मॅनेजर’ म्हणण्याची जुनी रीत आहे आणि ती निव्वळ शब्दापुरती नाही. सराव घेण्याबरोबरच खेळाडू विकत घेणे, विकणे, शाळकरी मुलांमधून गुणी पोरे हेरणे अशी सगळी सूत्रे पारंपरिक मॅनेजरच्या हाती असत. त्यामुळे त्याचा वारसा म्हणजे चषकांची यादी नव्हे. एका क्लबची, कधीकधी एका शहराची घडण त्यात येते. या प्रकारातले नावाजलेले अनेक माहितीपट ब्रिटिश-आयरिश फुटबॉलमधून आले, त्यामागचे हे एक कारण मानता येईल.

दाराआडचा कॅमेरा

अडचणीवरचा सरळ उपाय म्हणजे कॅमेरा आत नेणे. १९९४ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने दाखवलेल्या ‘ॲन इम्पॉसिबल जॉब’ या माहितीपटात इंग्लंडचे प्रशिक्षक ग्रॅहम टेलर विश्वचषकाच्या पात्रता फेरीभर अंगावर मायक्रोफोन लावून वावरतात. इंग्लंड पात्र ठरला असता, तर हा एका यशाचा दस्तऐवज ठरला असता. प्रत्यक्षात १३ ऑक्टोबर १९९३ रोजी रॉटरडॅम येथे नेदरलँड्सने इंग्लंडला २-० असे हरवले. त्या सामन्यात इंग्लंडच्या डेव्हिड प्लॅटला पाडूनही नेदरलँड्सच्या रोनाल्ड कुमानला मैदानाबाहेर काढले गेले नाही आणि थोड्याच वेळात त्याच कुमानने गोल केला. रेषेवर येरझारा घालत टेलर तिथल्या अधिकाऱ्याला सांगतात, की तुमच्या पंचामुळे माझी नोकरी गेली. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. डगआउटमधले, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावरचे, त्यांचे एक मोडकेतोडके वाक्य इंग्लंडमध्ये थट्टेचा वाक्प्रचार होऊन बसले आणि एका अभ्यासू, सौजन्यशील माणसाची ओळख कित्येक वर्षे तेवढ्यावरच अडकली. आज हा माहितीपट पुन्हा पाहताना हसू कमी येते. खेळ हातातून निसटत असताना रेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला करता येण्याजोगे किती थोडे उरते, हे इतक्या उघडपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

चार वर्षांनी स्तेफान मुनिये यांनी तोच उपाय फ्रान्सच्या संघाबाबत वापरला. ‘ले झ्यो दाँ ले ब्लू’ या माहितीपटात १९९८ च्या विश्वचषकादरम्यानची ड्रेसिंग रूम दिसते. प्रशिक्षक एमे जाके यांच्यावर स्पर्धेपूर्वी फ्रेंच क्रीडापत्रकारांनी झोड उठवली होती. १२ जुलै रोजी फ्रान्सने अंतिम सामन्यात ब्राझीलला ३-० ने नमवले आणि कॅमेऱ्याने टिपलेले त्यांचे प्रत्येक वाक्य एकदम शहाणपणाचे ठरले. तरुण रोबेर पिरेसला ‘खेळात जरा दम आण’ अशा अर्थाचे त्यांनी सुनावलेले बोल फ्रान्समध्ये म्हणीसारखे रूढ झाले. टेलर आणि जाके या दोघांचीही तऱ्हा थोडी चमत्कारिक, दोघांचेही बोलणे मैदानी. एक वाक्य थट्टेचे झाले, दुसरे कौतुकाचे. मधला फरक निकालाचा आहे. माहितीपटकारांच्या कौशल्याचा तितकासा नाही.

टेलर यांचे काय झाले ते पाहिलेला प्रशिक्षक अंगावर मायक्रोफोन लावायला सहजी कसा तयार होणार? पुढे आत जाणारे कॅमेरे आले ते मोठ्या व्हिडिओ कंपन्यांच्या मालिकांसाठी, क्लबच्या परवानगीने. मँचेस्टर सिटी (२०१८) आणि टॉटनहॅम (२०२०) यांच्यावरील मालिकांत पेप ग्वार्दिओला व जोझे मोरिन्यो ड्रेसिंग रूममध्ये दिसतात, बोलतातही भरपूर. पण कॅमेरा कुठे आहे याचे भान त्यांना क्षणभरही सुटत नाही. मोरिन्योंसारखा माणूस तर कॅमेऱ्यालाही आपला राखीव खेळाडू करून टाकतो.

साक्षीदारांच्या तोंडून

दुसरा मार्ग मागे वळून पाहण्याचा. प्रशिक्षक हयात नसेल, तर तो एकमेव मार्ग. ‘आय बिलीव्ह इन मिरॅकल्स’ (२०१५) हा जॉनी ओवेन यांचा माहितीपट ब्रायन क्लफ यांच्यावर आहे. क्लफ २००४ मध्येच वारले होते. जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीत चाचपडणारा नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा क्लब हाती घेतला. तो १९७७ मध्ये वरच्या श्रेणीत आला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता ठरला आणि १९७९ व १९८० अशी सलग दोन वर्षे युरोपियन चषक घेऊन आला. ओवेन यांनी हे सारे जुन्या चित्रणावर त्या काळचे सोल व फंक संगीत चढवून, वृद्धत्वाकडे झुकलेल्या खेळाडूंच्या गप्पांतून सांगितले आहे. खेळाडू क्लफ यांची नक्कल करत बोलतात, हसतात, आणि मधेच एखाद्या आठवणीशी गप्प होतात. प्रशिक्षकाने खेळाडूंच्या डोक्यात काय पेरले, हे तिथे खरोखर दिसते: चाळीस वर्षांनंतरही ती माणसे त्याच्या आवाजात बोलतात. डावपेचांचा फळा दाखवून हे साधले नसते.

ओवेन यांच्याच ‘द थ्री किंग्ज’ (२०२०) मध्ये मॅट बझ्बी (मँचेस्टर युनायटेड), बिल शँक्ली (लिव्हरपूल) आणि जॉक स्टीन (सेल्टिक) या तीन प्रशिक्षकांच्या कहाण्या एकत्र गुंफल्या आहेत. तिघेही स्कॉटलंडच्या कोळसापट्ट्यातले, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या खाणवस्त्यांत जन्मलेले. खाणीत एकाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जातो. म्हणून संघभावना ही त्यांच्यासाठी व्याख्यानाचा विषय नव्हती, असे या चित्रपटाचे म्हणणे. मुद्दा खरा आहे, मात्र तो इतका पटतो की त्याच खाणींतून वर आलेले आणि अयशस्वी ठरलेले प्रशिक्षक कुठे गेले, असे विचारायचे राहून जाते. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात बझ्बी यांच्या संघातले आठ खेळाडू गेले, एकूण तेवीस जण दगावले. बझ्बी स्वतः मरणाच्या दारातून परतले आणि दहा वर्षांनी मँचेस्टर युनायटेडने युरोपियन चषक जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी, २५ मे १९६७ रोजी, स्टीन यांच्या सेल्टिकने लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ ने हरवून तो चषक पहिल्यांदा ब्रिटनमध्ये आणला होता.

साक्षीदारांचा सर्वांत मजेदार उपयोग ‘किंग ओटो’ (२०२१) मध्ये आहे. जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागल २००१ मध्ये ग्रीसच्या संघाकडे आले, तेव्हा त्यांना ग्रीक येत नव्हते. त्यांचे बोलणे खेळाडूंपर्यंत पोहोचे ते सहायक इओआन्निस तोपालिदिस यांच्यामार्फत. पहिल्याच सामन्यात फिनलंडने ग्रीसला ५-१ असे धुतले. ४ जुलै २००४ रोजी त्याच ग्रीसने लिस्बनमध्ये यजमान पोर्तुगालला १-० ने हरवून युरोपियन अजिंक्यपद मिळवले. या चित्रपटात दुभाष्या हा जवळजवळ दुसरा नायक होतो. प्रशिक्षक काय बोलला, दुभाष्याने काय सांगितले आणि खेळाडूंनी काय ऐकले, या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एरवी एकच भाषा बोलणाऱ्या संघातही हेच होत असते, फक्त ते दिसत नाही.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. जिथे चित्रण जपलेले नाही, तिथे माहितीपट उभा राहत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले. त्यांची कहाणी मोठ्या पडद्यावर आली ती २०२४ मध्ये, अभिनेत्यांना घेऊन केलेल्या कथापटातून. कोणाचा वारसा ‘थोर’ ठरतो, यात दूरचित्रवाणीच्या कपाटात कोणाच्या फिती शिल्लक राहिल्या याचाही वाटा असतो.

स्मृती आणि आजार

२०१८ पासूनच्या माहितीपटांत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: प्रशिक्षकाचे आजारपण, विशेषतः स्मृतिभ्रंश. ‘बॉबी रॉबसन : मोअर दॅन अ मॅनेजर’ (२०१८) १९९५ मधल्या त्यांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला बार्सिलोनाच्या १९९६-९७ च्या हंगामाशी जोडतो. तिथे त्यांच्या हाताखाली मोरिन्यो दुभाषी-सहायक होते आणि ग्वार्दिओला खेळाडू. पुढे जगभर गाजलेले दोघेही कॅमेऱ्यासमोर येऊन गुरूबद्दल बोलतात, आणि घराणे कसे चालते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. स्वीडिश प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन यांच्यावरील माहितीपट तर त्यांच्या मृत्यूच्या अवघे तीन दिवस आधी, २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्यात ते स्वतःच निरोप घेतात.

‘फाइंडिंग जॅक चार्ल्टन’ (२०२०) हा यांतला कदाचित सर्वांत हळवा चित्रपट. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लिश संघातला हा बचावपटू १९८६ मध्ये आयर्लंडचा प्रशिक्षक झाला. १२ जून १९८८ रोजी स्टुटगार्टमध्ये आयर्लंडने इंग्लंडला १-० ने हरवले आणि १९९० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. एका इंग्लिश माणसाने आयरिश लोकांना स्वतःच्या संघाचा अभिमान दिला, हा त्याचा वारसा. चित्रीकरणाच्या काळात चार्ल्टन यांना स्मृतिभ्रंश झालेला होता. ज्या सामन्यांनी एका देशाला रस्त्यावर नाचवले, त्यांचे चित्रण ते अनोळखी नजरेने पाहतात. मात्र पॉल मॅग्रा दिसताच ओळख पटते. मद्याच्या व्यसनाशी झगडणाऱ्या या खेळाडूला चार्ल्टन यांनी बापाच्या मायेने सांभाळले होते. हस्ताक्षरातल्या त्यांच्या जुन्या टिपणांचाही चित्रपट चांगला वापर करतो. जुलै २०२० मध्ये ते वारले.

सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यावरील ‘नेव्हर गिव्ह इन’ (२०२१) ची सारी उभारणी याच भीतीवर आहे. ५ मे २०१८ रोजी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तातडीच्या मदतीसाठी केलेल्या दूरध्वनीच्या आवाजाने चित्रपट सुरू होतो. तो फोन मुलगा जेसन यांचा आणि चित्रपटाचे दिग्दर्शकही तेच. शस्त्रक्रियेनंतर काही काळ फर्ग्युसन यांची वाचा गेली होती. पण त्यांना खरी धास्ती होती ती आठवणी जाण्याची. ग्लासगोच्या गोवन भागातल्या जहाजबांधणीच्या वस्तीतले बालपण, ॲबर्डीनने १९८३ मध्ये गॉथेनबर्ग येथे रेआल माद्रिदवर मिळवलेला २-१ असा विजय, मँचेस्टर युनायटेडमधली १९८६ ते २०१३ ही वर्षे: हे सारे एक माणूस आपल्या स्मरणशक्तीची चाचणी घेत असल्यासारखे उलगडते. चषकांपेक्षा जखमा जास्त बोलतात. १९६९ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात फर्ग्युसन खेळत असलेला रेंजर्स क्लब सेल्टिककडून ०-४ ने हरला. सेल्टिकच्या बिली मॅकनीलवर नजर ठेवण्याची जबाबदारी आघाडीपटू फर्ग्युसनवर होती आणि पहिला गोल मॅकनीलनेच केला. लहानपणापासून ज्या क्लबचे वेड, तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. पत्नी कॅथी कॅथलिक असल्याने प्रोटेस्टंट वळणाच्या त्या क्लबमध्ये आधीच भुवया उंचावल्या होत्या. पुढचा करारी, कधी क्रूर वाटणारा प्रशिक्षक इथे घडला, असा चित्रपटाचा रोख आहे.

काय राहून जाते

मुलाने बापावर केलेल्या चित्रपटाला जी जवळीक लाभते, तिची किंमतही असते. ‘नेव्हर गिव्ह इन’ चा कळस २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात येतो: भरपाई वेळेत टेडी शेरिंगहॅम आणि ओले गुनार सोल्शार यांचे गोल, बायर्न म्युनिकवर २-१ ने विजय, एकाच हंगामात तीन मोठे चषक. नंतरच्या चौदा वर्षांना फार थोडी जागा मिळते, आणि फर्ग्युसन यांच्या तेरा लीग विजेतेपदांपैकी आठ त्या वर्षांतली आहेत. क्लबच्या मालकांविषयीचा चाहत्यांचा रोष, शर्यतीच्या घोड्यावरून झालेले भांडण, लाडक्या खेळाडूंशी आलेले वितुष्ट यांना चित्रपट हात लावत नाही.

कुठे थांबायचे, हाच या प्रकारातला सर्वांत मोठा संपादकीय निर्णय होय. क्लफ यांची कहाणी १९८० ला संपवली की १९९३ मध्ये त्यांच्याच हाताखाली फॉरेस्टची झालेली घसरण दाखवावी लागत नाही. ‘आर्सेन वेंगर : इन्व्हिन्सिबल’ (२०२१) ला ही सोय नव्हती. २००३-०४ च्या हंगामात आर्सेनल ३८ पैकी एकही लीग सामना हरला नाही (२६ विजय, १२ बरोबरी), पण वेंगर क्लबमध्ये राहिले २०१८ पर्यंत, आणि शेवटच्या वर्षांत त्यांच्याच चाहत्यांनी त्यांना जाण्यास सांगणारे फलक धरले. २००७ हे निर्णायक वळण होते, क्लबशी आपण स्वतःला पुरते एकरूप केले हे चुकलेच, असे ते कॅमेऱ्यासमोर कबूल करतात. नायकाने दिलेली ही कबुली इतर बहुतेक चित्रपटांतल्या गौरवभाषणांपेक्षा वजनदार आहे.

आणखी एक उणीव सहायकांची. क्लफ यांचे सारे मोठे यश पीटर टेलर यांच्या जोडीने मिळालेले. खेळाडू हेरण्याची नजर टेलर यांची मानली जाई. १९८३ मध्ये दोघांचे बिनसले आणि १९९० मध्ये टेलर वारले तोवर अबोला सुटला नव्हता. एका माणसाच्या नावाने पोस्टर निघते, तेव्हा अशा जोडीदाराला दुय्यम भूमिकेतच बसावे लागते. बाकावरची ही जागा मात्र कायमची नसते. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धच्या सामन्याच्या अखेरीस स्कॉटलंडचे प्रशिक्षक जॉक स्टीन कोसळले आणि थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. त्या रात्री त्यांच्या शेजारी सहायक म्हणून बसलेले ४३ वर्षांचे ॲलेक्स फर्ग्युसन पुढच्या वर्षी स्कॉटलंडचा संघ घेऊन मेक्सिकोच्या विश्वचषकाला गेले.