मोठेपणी येणाऱ्या कांजिण्या: ‘हलका’ म्हणून गणल्या गेलेल्या आजाराची पार्श्वभूमी

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपते, थंडी ओसरू लागते, आणि त्याच सुमारास कुणाकुणाच्या घरी कांजिण्या आल्याचे कानावर येऊ लागते. लहान मुलाला त्या आल्या तर फारशी धावपळ होत नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद होते, आणि आठ-दहा दिवसांत मूल पुन्हा खेळायला लागते. तीच बाधा तिशी-पस्तिशीच्या माणसाला झाली की मात्र ताप जास्त चढतो, फोड अधिक येतात आणि फुफ्फुसांपर्यंत त्रास जाण्याचा धोका वाढतो. तरीही ‘कांजिण्याच तर आहेत’ या शब्दांत आपण मोठ्या माणसाचीही बोळवण करतो. या समजुतीचे मूळ देवीच्या रोगात, म्हणजे जगातून आता नाहीशा झालेल्या त्या जीवघेण्या आजारात आहे, असे माझे मत आहे.

मला स्वतःला 34 व्या वर्षी कांजिण्या आल्या. आधी घरात पाच वर्षांच्या भाच्याला आल्या होत्या. त्यानंतर पंधराव्या दिवशी मला कणकण आली, कंबर धरली आणि दुसऱ्या सकाळी छातीवर पाण्याचे चार फोड दिसले. शेजारच्या तेलुगूभाषक घरातल्या आजींनी उंबऱ्यातूनच पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, ‘अम्मवारू (देवीमाता) आली आहे बाळा, गोळ्या घेऊन तिला चिडवू नकोस.’ जोडलेल्या हातांवरून पदर सरकला तेव्हा त्यांच्या दंडावर लहानपणी देवी काढल्याचे दोन गोल, कागदासारखे पातळ व्रण दिसले. आजींची भीती ज्या रोगाची होती तो जगातून गेला होता, पण त्याच्यासाठी ठरलेले वागणे मागे उरले होते. आम्ही थांबलो. चौथ्या दिवशी दहीभातसुद्धा घशाखाली उतरेना, खोकल्याबरोबर धाप लागू लागली, आणि तेव्हा कुठे मी दवाखाना गाठून छातीचा फोटो काढला.

देवी आणि कांजिण्या हे दोन वेगळे रोग आहेत, हे वैद्यकाला नीट मांडायला बराच काळ लागला. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी 1767 मध्ये दोहोंतील फरक स्पष्टपणे मांडला. त्यांची चिंता व्यवहारी होती. कांजिण्या येऊन गेलेला माणूस आपल्याला देवी येऊन गेल्या असे समजून निर्धास्त राहील आणि पुढे खऱ्या देवीला बळी पडेल, हे त्यांना टाळायचे होते. 1796 मध्ये एडवर्ड जेनर यांनी देवीच्या लशीचा प्रयोग केला आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचण्यात आली. मराठीत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ हा शब्द रुळला.

देवीनिर्मूलनाच्या मोहिमेत तर हा फरक ओळखणे हे रोजचे काम झाले. देवीचे फोड चेहरा, हात, पाय, अगदी तळहात-तळपायांवर दाट उठत आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड पोट-पाठीवर जास्त येतात आणि शेजारी शेजारी पुळी, पाण्याचा फोड आणि खपली एकाच वेळी दिसते. मोठ्या माणसाच्या तीव्र कांजिण्या देवीसारख्या भासत, म्हणून त्या बारकाईने तपासाव्या लागत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या काळात ‘देवी नाहीत, कांजिण्या आहेत’ हे वाक्य ऐकून घरच्यांना किती हायसे वाटत असेल, हे समजू शकते. मात्र देवीच्या तुलनेत हलका म्हणून जो शिक्का बसला, तो तुलनाच संपल्यावरही पुसला गेला नाही.

दुसरा धागा नागीण या अंगावर फोड उठणाऱ्या आजाराचा. बुडापेस्टच्या बोकाई यांनी नागीण झालेल्या माणसाच्या सहवासातील मुलांना कांजिण्या येतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले. 1950 च्या दशकात थॉमस वेलर यांनी दोन्हींचा विषाणू एकच असल्याचे प्रयोगशाळेत दाखवले. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो आणि पुढे कधी तरी एकाच मज्जातंतूच्या वाटेने वर येतो, म्हणून नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. तिला आधार नाही.

मोठ्यांना कांजिण्या येण्याशी हवामानाचाही संबंध आहे. थंड देशांत लसीच्या आधीच्या काळात जवळजवळ प्रत्येकाला त्या बालपणीच होऊन जात. उष्ण प्रदेशांत मात्र बाधा पुष्कळदा उशिरा होते, त्यामुळे कांजिण्या न आलेली प्रौढ माणसे अधिक उरतात. उष्णतेत विषाणू फार काळ टिकत नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. घरात एकाला आल्या की आधी न झालेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांना त्या होतात. यंत्रमागाच्या शेडलगतच्या दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहत असतील, तर वेगळे राहायचे कुठे, हा प्रश्न खराच असतो.

उपाय मात्र बराच काळ हाताशी आहेत. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध तयार झाले; एलियन यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढांमध्ये हे औषध पहिला फोड दिसल्यापासून 24 तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि वाट पाहण्याच्या आपल्या रिवाजात नेमका तोच दिवस निघून जातो. कडुनिंबाच्या पाल्याला माझा विरोध नाही. पण पाला आणि डॉक्टर यांत निवड करावी लागते, हे कुणी ठरवले? अंघोळ बंद ठेवण्याचेही कारण नाही, कारण अस्वच्छ त्वचेवर खाजवलेले फोड पिकतात. तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. गरोदर बाई, विडी-सिगारेट ओढणारा माणूस आणि ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे त्याने तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये विकसित केली. त्यांच्या लहान मुलाला झालेला कांजिण्यांचा तीव्र त्रास त्यामागे होता. आपल्याकडे सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे स्वतः विचारून, पैसे मोजून घ्यावी लागते. प्रौढांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने तिचे दोन डोस देतात. गरोदरपणात ती देत नाहीत. रुग्णाच्या संपर्कात आल्यापासून तीन ते पाच दिवसांत घेतली तरी ती आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. भाच्याच्या अंगावर पहिला फोड दिसला तेव्हा माझ्या हातात ते दिवस होते, पण असे काही करता येते हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.