७६० चा आकडा आला कुठून? दाबाच्या एककांची पार्श्वभूमी

टायरमध्ये हवा ३२, रक्तदाब १२०, हवामान खात्याच्या पत्रकात १००८. तिन्ही आकडे दाबाचेच, पण पहिला पीएसआय, दुसरा पाऱ्याचे मिलिमीटर आणि तिसरा हेक्टोपास्कल. एकातून दुसऱ्यात जायचे तर ६.८९५, १३३.३२ असल्या बेढब आकड्यांनी गुणावे लागते. ही एकके कोणी एकत्र बसून ठरवलेली नाहीत. ज्याच्या हाती जे उपकरण होते, त्यावरून ती रूढ झाली.

त्यातली पाऱ्याची नळी सर्वांत जुनी. शोषण पंप पाणी सुमारे १० मीटरच्या वर खेचू शकत नाही, हे गॅलिलिओच्या काळी इटलीत लक्षात आले होते. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने पाण्याऐवजी १३.६ पट जड पारा घेतला, तेव्हा तो स्तंभ जेमतेम ७६ सेंटिमीटरवर, म्हणजेच ७६० मिलिमीटरवर थांबला. १६४४ च्या एका पत्रात त्याने याचे श्रेय नळीबाहेरच्या हवेच्या वजनाला दिले. फ्रान्समध्ये पास्कालने ते पडताळायचे ठरवले, पण डोंगर चढायला धाडले थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला! १९ सप्टेंबर १६४८ रोजी हा मेहुणा, पेरिए, नळी घेऊन प्वी द दोमच्या माथ्यावर गेला. तिथे पारा तीन इंचांहून अधिक खाली आला. पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीवर एक धर्मगुरू दिवसभर नजर ठेवून होता. तिच्यातला पारा हलला नाही.

तरीही पारा हे काटेकोर माप नव्हे. तो उष्णतेने प्रसरण पावतो, आणि गुरुत्वाकर्षणही जागोजागी थोडे बदलते. म्हणून ० अंश सेल्सिअस आणि ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे प्रमाण गुरुत्वत्वरण धरावे लागले. १९५४ मध्ये प्रमाण वातावरणीय दाब थेट १,०१,३२५ न्यूटन प्रति चौरस मीटर असा ठरला. त्याचा ७६० वा भाग म्हणजे तोरिचेल्लीच्या नावावरून टॉर. पाऱ्याच्या मिलिमीटरपासून तो इतका किंचित वेगळा आहे, की व्यवहारात कोणी फिकीर करत नाही.

न्यूटन प्रति चौरस मीटरला पास्कालवरून पास्कल हे नाव १९७१ मध्ये मिळाले. एकक फारच लहान. हवामानवाल्यांची मात्र सोय झाली: १०० पास्कल म्हणजे नेमका त्यांच्या जुन्या एककाचा, मिलिबारचा, एक, त्यामुळे नाव हेक्टोपास्कल झाले तरी आकडे तेच राहिले. डॉक्टरांना ही सवलत नव्हती. इटालियन डॉक्टर रीवा-रोच्चीने १८९६ मध्ये पाऱ्याचे रक्तदाबमापक आणले, तेव्हापासूनचा सराव. १२०/८० ऐवजी १६/१०.७ किलोपास्कल कोण म्हणणार?

पीएसआय म्हणजे चौरस इंचावर किती पौंड, हा ब्रिटिश मापांचा वारसा. खरी गफलत इथे होते, आणि ती गुणकाची नसते. टायरचा गेज बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरून मोजतो. ३२ पीएसआय म्हणजे सुमारे २२१ किलोपास्कल. वायूच्या नियमांत वापरायचा निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वात शून्य धरून मोजलेला दाब, हवा असेल, तर त्यात वातावरणाचे १०१ मिळवून ३२२ धरावे लागतात.