दमा, सीओपीडी, सोरायसिस: औषधचाचणीत नाव द्यायचं असेल तर

क्लिनिकल ट्रायलसाठी सरकारी छापील अर्ज नसतो. खिडकी नाही, रांग नाही. चाचणी जिथं चालते त्या रुग्णालयात जाऊन ‘मला यायचंय’ म्हणायचं, एवढाच अर्ज. पुढची चाळणी मात्र बारीक असते.

सुरुवात सीटीआरआयपासून, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांच्या नोंदवहीपासून करा. ही आयसीएमआरची (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. आजाराचं नाव टाकलं की कुठल्या शहरात कुठली चाचणी, कुणाला घेतात, कुणाला नाही आणि फोन कुणाला करायचा, हे सगळं दिसतं. भाषा इंग्रजी आहे, घरातल्या कॉलेजवाल्याला बसवा. नव्या औषधाची चाचणी २०१९ च्या नियमांनुसार पहिला माणूस घेण्याआधी इथं नोंदवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ट्रायलमध्ये या, पैसे मिळवा’ असं आलं, तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. देत नसतील तर विषय संपला.

पात्रता प्रत्येक चाचणीची वेगळी. सीओपीडीसाठी (फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार) बहुधा वय ४० च्या पुढं आणि सिगारेटचा हिशोब: रोज एक पाकीट, अशी किमान १० वर्षं. चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेलेल्या आपल्याकडच्या बायका यात अनेकदा बसत नाहीत. हे मला खटकतं. दम्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणं, ठरलेली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि टेक्निशियन शेजारी ओरडतोय, ‘फुंका, फुंका, अजून, अजून!’ मग पंपाची औषधं देऊन थोड्या वेळानं पुन्हा तेच. दोन आकड्यांतला फरक पुरेसा नसेल तर तुम्ही बाद.

सोरायसिस हा त्वचेचा आजार; त्याचं मोजमाप तळहातानं होतं. तुमचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. सोरायसिसच्या मोठ्या औषधांच्या चाचण्या बहुतेकदा किमान १० टक्के अंग व्यापलेलं मागतात. आधीची मलमं साधारण २ आठवडे आणि लाइट थेरपी ४ आठवडे बंद हवी असते. पण पात्र ठरायचं म्हणून पंप किंवा गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. काय थांबवायचं ते तिथले डॉक्टर सांगतील, तेही संमतीपत्रावर सही झाल्यावर. इंजेक्शनवाल्या औषधांआधी टीबीची तपासणी होते. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना सहसा घेत नाहीत.

सोबत आधार, जुनी प्रिस्क्रिप्शनं, एक्स-रे, स्पायरोमेट्री किंवा बायोप्सीचे रिपोर्ट आणि सध्याच्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स न्या. नावं आठवण्यापेक्षा स्ट्रिप दाखवणं सोपं.

संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारतात, तिथं लोक दचकतात. ‘मरणार आहे की काय मी?’ तसं नाही. नुकसानभरपाईसाठी हे रकाने सरकारी नमुन्यातच आहेत. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळायला हवं, तेव्हा मराठी मागा. घरी न्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. तिथल्या तिथं सहीची घाई करणारा मला तरी भरवशाचा वाटत नाही. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो.

दोन गोष्टी नीट विचारा. एक, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, आहे का? कुणाला खरं औषध आणि कुणाला ही गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि बऱ्याचदा डॉक्टरांनाही माहीत नसतं. दोन, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? मधेच सोडायचा हक्क तर आहेच. कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचे उपचारही अडत नाहीत. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट.

सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. रात्री धाप लागून दुसऱ्याच दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात तीच द्यायची आहे. चाचणीच्या डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा (सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन त्यावर असतो. फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.