पार्श्वभूमी : चर्चचा निधी आणि आफ्रिकेतले मुक्तिलढे

सप्टेंबर १९७०मध्ये पश्चिम जर्मनीतल्या आर्नोल्ड्सहाइन इथे जागतिक चर्च परिषदेच्या, म्हणजे अनेक देशांतल्या चर्चच्या एकत्रित संघटनेच्या, कार्यकारिणीने वंशवादाविरुद्ध लढणाऱ्या १९ संघटनांना मिळून २ लाख डॉलर मंजूर केले. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या वाट्याला १० हजार आले, मोझांबिकमध्ये पोर्तुगालविरुद्ध लढणाऱ्या फ्रेलिमोला १५ हजार. रकमा किरकोळच. पण यादीतल्या आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बहुतेक संघटनांनी शस्त्र हाती घेतले होते. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जॉन फोर्स्टर यांनी तिथल्या चर्चना परिषदेतून बाहेर पडा असे सुनावले. या चर्चनी अनुदानावर टीका केली, सभासदत्व मात्र सोडले नाही.

परिषद इथवर आली ती दहा वर्षांच्या अनुभवातून. मार्च १९६०मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ जणांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात जोहान्सबर्गजवळ कॉट्सलो इथे परिषदेने गोऱ्या-काळ्या चर्चना एकत्र बसवले. कातडीच्या रंगावरून कुणाला चर्चबाहेर ठेवता येणार नाही, इतके साधे निवेदन निघाले. तेव्हाचे पंतप्रधान फरवुर्ट यांना तेही खपले नाही आणि केप व ट्रान्सवाल प्रांतांतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभा (सिनड) परिषदेतून बाहेर पडल्या. परिषदेच्या १९६८च्या उप्साला (स्वीडन) अधिवेशनात मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रवचन ठरले होते. त्याआधीच एप्रिलमध्ये त्यांचा खून झाला. मे १९६९मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या परिषदेच्या बैठकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते ऑलिव्हर टॅम्बो होते, आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी सभा अडवून चर्चकडे नुकसानभरपाई मागितली. ऑगस्ट १९६९मध्ये कँटरबरीला परिषदेचा वंशवादविरोधी कार्यक्रम आणि त्याचा विशेष निधी मंजूर झाला; १९७०ची अनुदाने याच निधीतली. तेव्हा मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते केरळचे एम. एम. थॉमस.

खरा वाद पेटला तो एका अटीवरून, किंवा अट नसण्यावरून. पैसा शिक्षण, आरोग्य, कायदेशीर मदत अशा मानवतावादी कामांसाठी, पण तो कसा खर्च होतो यावर परिषदेचे नियंत्रण नाही. दान देणाऱ्याने पावत्या मागायच्या, ही मिशनच्या कामाची जुनी रीत. ती परिषदेने जाणूनबुजून मोडली, कारण लढणाऱ्यांवर विश्वास टाकणे हाच तिच्या लेखी मदतीचा अर्थ होता. औषधांचे पैसे बाहेरून आले की संघटनेचे स्वतःचे पैसे बंदुकांना मोकळे होतात, हा टीकाकारांचा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. १९६१मध्ये गोवा गमावलेला पोर्तुगाल त्याच वर्षापासून अंगोलात वसाहतयुद्ध लढत होता. तो नाटोचा सभासद होता, आणि आक्षेप घेणाऱ्या बऱ्याच चर्चची सरकारे त्याची मित्र होती. तिथे जाणाऱ्या शस्त्रांचा हिशेब इतक्या तावातावाने कुणी मागितल्याचे दिसत नाही. परिषदेने निदान आपले घर तपासले. आफ्रिकेच्या दक्षिण भागात धंदा करणाऱ्या कंपन्यांमधली आपली गुंतवणूक काढून घ्यायचे तिने १९७२मध्ये उत्रेख्टला ठरवले.

सर्वांत कडवे वर्ष १९७८. ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) जूनमध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या अशर शाळेतल्या दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्याच महिन्यात व्हुम्बा इथे एलिम मिशनच्या मिशनऱ्यांची मुलाबाळांसकट कत्तल झाली. मेलेल्यांत तीन आठवड्यांची तान्ही मुलगी होती. ऑगस्टमध्ये परिषदेने तिथल्या गोऱ्या सरकारविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या झानू आणि झापू या संघटनांच्या आघाडीला, पॅट्रिऑटिक फ्रंटला, ८५ हजार डॉलर जाहीर केले. ज्यांची माणसे नुकतीच पुरली गेली होती, त्यांना ही वेळ कशी वाटली असेल! अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बूथ रुग्णालयामुळे महाराष्ट्राच्या ओळखीची असलेली साल्व्हेशन आर्मी परिषदेच्या संस्थापक सभासदांपैकी एक. तिने त्याच महिन्यात सभासदत्व स्थगित केले.

जानेवारी १९७९मध्ये जमैकातल्या किंग्स्टनच्या बैठकीत मध्यवर्ती समितीने निधी चालूच ठेवला. आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन चर्च १९८०मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी झिम्बाब्वे स्वतंत्र झाला आणि झानूचे रॉबर्ट मुगाबे पंतप्रधान झाले. साल्व्हेशन आर्मीने १९८१मध्ये सभासदत्व कायमचे सोडले; परिषदेशी स्नेहाचे नाते तेवढे ठेवले.