सत्य माहितीतून दिशाभूल

सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असते आणि तरीही ऐकणारा चुकीच्या निष्कर्षाला पोहोचतो, असा हा प्रकार. पडताळायला गेले तर एकही विधान खोटे निघत नाही, म्हणून तो खोटेपणापेक्षा पकडायला अवघड आहे. काय गाळले, कशाशी तुलना केली आणि कोणाकोणाला एकत्र मोजले, यात घोटाळा दडलेला असतो. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. पुष्कळदा तो स्वतःही फसलेला असतो.

मराठीत या प्रकाराची खूण एका वाक्प्रचारात टिकून आहे. द्रोणपर्वात भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि 'अश्वत्थामा मेला' अशी आरोळी ठोकतो. द्रोणाचार्य खात्रीसाठी युधिष्ठिराला विचारतात, कारण तो खोटे बोलणार नाही. युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने म्हणतो आणि 'हत्ती' हा शब्द पुटपुटतो. द्रोण शस्त्र खाली ठेवतात आणि मारले जातात. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द आज आपण गुळमुळीत उत्तरासाठी वापरतो. मूळ प्रसंग त्याहून कितीतरी गंभीर आहे. मेलेल्या हत्तीचे नाव खरोखरच अश्वत्थामा होते, तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरले यावरून महाभारताने सत्य जोखले, आणि ते योग्यच केले.

आकड्यांच्या बाबतीत हा धोका वाढतो, कारण आकडा दिसला की माणूस शंका घेणे थांबवतो. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. विधान अभ्यासांवर आधारलेले होते. पण 'दुप्पट' म्हणजे सुमारे 7,000 स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी, हे लोकांपर्यंत पोहोचले नाही. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले असे मानले जाते. गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या इशाऱ्याची किंमत कळते. 'किती पट' सांगताना 'कितीपैकी किती' न सांगणे ही आरोग्यविषयक बातम्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दुसरा प्रकार बेरजेतून होतो. मूतखड्यावरच्या दोन उपचारांची तुलना 1986 मध्ये प्रसिद्ध झाली. शरीराला मोठा छेद देऊन केलेली शस्त्रक्रिया 350 पैकी 273 रुग्णांत यशस्वी झाली, म्हणजे 78 टक्के. पाठीत छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची पद्धत 350 पैकी 289 रुग्णांत, म्हणजे 83 टक्के. दुर्बीण सरस, असे कोणीही म्हणेल. आता खड्याचा आकार पाहावा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांत मोठी शस्त्रक्रिया 87 पैकी 81 वेळा यशस्वी झाली (93 टक्के), दुर्बीण 270 पैकी 234 वेळा (87 टक्के). मोठ्या खड्यांत शस्त्रक्रिया 263 पैकी 192 (73 टक्के), दुर्बीण 80 पैकी 55 (69 टक्के). दोन्ही गटांत शस्त्रक्रिया पुढे आहे आणि बेरजेत मागे! कारण साधे आहे: अवघड, मोठे खडे बहुतांश शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले, सोपे खडे दुर्बिणीच्या. यशाच्या टक्केवारीत उपचाराच्या गुणाबरोबर रुग्णांची वाटणीही मोजली गेली होती. एखाद्या डॉक्टरची वा रुग्णालयाची टक्केवारी पाहून निर्णय घेणाऱ्याने आधी त्यांच्याकडे कसले रुग्ण येतात ते विचारावे. अवघड रुग्ण नाकारणाऱ्याचे आकडे नेहमीच छान दिसतात.

या उलटापालटीला 'सिम्पसनचा विरोधाभास' म्हणतात. कार्ल पिअर्सन (1899) आणि उडनी यूल (1903) या संख्याशास्त्रज्ञांना ती आधीच दिसली होती; संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांचा लेख 1951 चा, आणि हे नाव 1972 मध्ये रूढ झाले.

मग आकडे नेहमी गटांत फोडूनच पाहावेत का? तसेही नाही. रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाचा उपयोग तपासताना, औषध घेतल्यानंतरच्या रक्तदाबानुसार रुग्णांचे गट पाडले, तर औषधाने केलेले कामच हिशेबातून निघून जाते. कोणती गोष्ट कशामुळे घडते हे कळल्याशिवाय कोणता तक्ता वाचायचा ते ठरत नाही. सिम्पसन यांनी हे फार सुंदर रीतीने दाखवले. त्यांनी तेच आकडे दोनदा मांडले. पहिल्या वेळी ते पत्त्यांच्या जोडाचे होते: एका बाळाने खेळताना काही पत्ते मळवले होते, आणि प्रश्न होता चित्रांच्या पत्त्यांचे प्रमाण लाल आणि काळ्या रंगांत सारखे आहे का. तिथे मळके आणि स्वच्छ असे गट पाडणे निरर्थक; अख्खा जोड पाहिला की उत्तर मिळते. दुसऱ्या वेळी तेच आकडे रुग्णांचे होते, स्त्री आणि पुरुष. एकत्र पाहता उपचाराचा काहीच परिणाम दिसत नव्हता, पण वेगळे पाहता स्त्रियांनाही गुण येत होता आणि पुरुषांनाही. तिथे वेगळे तक्तेच खरे मानायला हवेत.